सभासदांना पाठवायचे पत्र साध्या मजकुरात असावे की सजवलेले?

प्रश्न: मी सांगली जिल्ह्यातील एका सार्वजनिक वाचनालयाची कार्यवाह आहे. आमच्या सहाशेच्या आसपास सभासदांना दर महिन्याला ईमेलने पत्र जाते. त्यात नव्या पुस्तकांची यादी, कार्यक्रम, वर्गणीची आठवण आणि सभांच्या सूचना असतात. पूर्वी ते साध्या मजकुरात जात असे. गेल्या वर्षी कार्यकारिणीत आलेल्या एका तरुण सदस्येने मेल पाठवणाऱ्या एका सेवेतून रंगीत, चित्रांचे आणि बटणांचे पत्र सुरू केले व अनेकांनी त्याचे कौतुक केले. आमचे कोषाध्यक्ष दूरसंचार क्षेत्रातून निवृत्त झालेले अभियंते आहेत. ईमेल म्हणजे साधा मजकूरच, एचटीएमएल (मेलला रंग, चित्रे आणि बटणे देणारी संकेतभाषा) हा धोकादायक उपद्रव आहे, असे ते प्रत्येक बैठकीत सांगतात आणि आता त्यांनी तसा ठरावही मांडला आहे. मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना पोस्टरच्या रूपात गेली, ती अनेकांना दिसलीच नाही; आणि आमच्या एका दृष्टिहीन सभासदांनी कळवले की त्यांच्या संगणकाने त्या पत्रातून ‘प्रतिमा’ या शब्दाखेरीज काहीही वाचून दाखवले नाही. दोघांपैकी कोणाचे ऐकावे?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

कोणाचे ऐकावे हे सांगण्यापूर्वी एक गोष्ट वेगळी काढतो. ज्या सूचनेमुळे सभासदांची गैरसोय झाली, ती तुमच्या वादातील कोणत्याच बाजूची नाही. ते पोस्टर चित्र होते. त्यात डोळ्यांना मराठी शब्द दिसत असले, तरी संगणकाच्या दृष्टीने तेथे एकही अक्षर नव्हते, केवळ रंगांचे ठिपके होते. आउटलुक आणि थंडरबर्ड यांसारखे प्रोग्राम मेलमधील बाहेरून आणावी लागणारी चित्रे वाचणाऱ्याने परवानगी देईपर्यंत सहसा दाखवत नाहीत, म्हणून काहींच्या वाट्याला रिकामी चौकट आली. पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणाऱ्या एनव्हीडीए किंवा जॉजसारख्या स्क्रीन रीडरला त्या ठिपक्यांत वाचण्यासारखे काही मिळाले नाही. ज्यांना पोस्टर दिसले, त्यांनाही त्यातील सभागृहाचा पत्ता निवडून घरच्या माणसाला पाठवणे सोपे गेले नसेल, आणि फोनवर ते बोटांनी मोठे करत, सरकवत वाचावे लागले असेल. म्हणून ठरावाची वाट न पाहता एवढे आजच ठरवा की सभेची तारीख, वेळ, जागा आणि विषयपत्रिका यापुढे कधीही केवळ चित्रातून जाणार नाही. सभेची सूचना कोणत्या मार्गाने द्यायची हे तुमच्या संस्थेच्या घटनेत लिहिलेले असते. तेही त्याच बैठकीत उघडून वाचून घ्या.

आता कोषाध्यक्षांच्या म्हणण्याकडे वळतो. ईमेल मुळात साध्या मजकुरासाठी होते, हे त्यांचे विधान इतिहास म्हणून खरे आहे. इंटरनेटवरील मेल कसा पोहोचवायचा आणि त्याचे स्वरूप कसे असावे, हे ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ आणि आरएफसी ८२२ या तांत्रिक दस्तऐवजांनी ठरवले, तेव्हा मेल म्हणजे अ‍ॅस्की या जुन्या अक्षरसंचातील १२८ चिन्हांच्या ओळी एवढेच गृहीत होते. मात्र याच इतिहासाची दुसरी बाजू मराठी वाचनालयाने विसरू नये. त्या १२८ चिन्हांत रोमन लिपी, अंक आणि विरामचिन्हे होती. देवनागरीचे एकही अक्षर नव्हते. कोषाध्यक्षांना अभिप्रेत असलेल्या त्या मूळच्या, निर्भेळ ईमेलमध्ये तुमच्या वाचनालयाचे नावसुद्धा मराठीत लिहिता आले नसते. जून १९९२ मध्ये नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी माइम नावाची व्यवस्था मांडली. मेलमधील मजकूर कोणत्या अक्षरसंचातला आहे हे तिच्यामुळे सांगता येऊ लागले आणि तो साधा आहे, सजवलेला आहे, चित्र आहे की ध्वनी आहे, हेही सांगता येऊ लागले. म्हणजे मराठी आणि एचटीएमएल या दोघांनाही ईमेलमध्ये जागा मिळाली ती एकाच व्यवस्थेमुळे, आणि त्यांपैकी एकीला घरची व दुसऱ्याला उपरा मानण्यास इतिहासाचा आधार नाही.

तरीही पुढची बरीच वर्षे मराठीला त्या व्यवस्थेचा पूर्ण लाभ झाला नाही, कारण आपण अक्षरसंचाऐवजी फॉन्टवर विसंबून होतो. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टांच्या काळात मराठी मजकूर आतून रोमन अक्षरांचा आणि इतर चिन्हांचाच असे. ठरावीक फॉन्ट चढवल्यावर तो मराठी दिसे. अशा मेलमधून फॉन्टचे नाव सांगणारी सजावट काढली, किंवा वाचणाऱ्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला, की समोर निरर्थक चिन्हांची रांग येत असे. सजावट गेली की पत्रच नाहीसे होई. प्रत्येक लिपीतील प्रत्येक चिन्हाला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या युनिकोड या व्यवस्थेमुळे ही स्थिती बदलली. आज ‘क’ हे अक्षर कोणत्याही फॉन्टमध्ये, कोणत्याही रंगात आणि कोणत्याही यंत्रावर ‘क’ म्हणूनच साठवले जाते, शोधता येते आणि उच्चारून दाखवता येते. ही सोय आपल्याला इंग्रजी लिहिणाऱ्यांपेक्षा फार उशिरा लाभली आहे, आणि मजकुराचे पोस्टर करून पाठवताना आपण ती आपल्या हाताने टाकून देतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. माझा सगळा सल्ला या एकाच अटीवर उभा आहे: पत्रातील प्रत्येक शब्द युनिकोड अक्षरांत असावा, आणि सजावट पूर्णपणे काढून टाकली तरी पत्र पूर्ण राहावे.

ही अट मान्य केली की उरलेला वाद पुष्कळ सोपा होतो, कारण साधा मजकूर आणि एचटीएमएल यांपैकी एकच निवडण्याची सक्ती ईमेलमध्ये नाहीच. माइमच्या पहिल्याच दस्तऐवजात ‘मल्टिपार्ट ऑल्टरनेटिव्ह’ नावाचा प्रकार सांगितलेला आहे. एकाच पाकिटात एकाच पत्राच्या दोन प्रती घालाव्यात, तसा तो असतो. साधी प्रत आधी ठेवलेली असते, सजवलेली तिच्यामागे. वाचणाऱ्याचा प्रोग्राम आपल्याला दाखवता येण्याजोग्या प्रतींपैकी शेवटची, म्हणजे अधिक सजलेली प्रत उघडतो, आणि वाचकाने तसे सांगून ठेवले असेल तर साधी उघडतो. जीमेलमध्ये नेहमीच्या पद्धतीने लिहिलेला मेलसुद्धा आतून अशाच दोन प्रतींचा असतो, याची बहुतेकांना कल्पना नसते.

अडचण आहे ती साध्या प्रतीच्या दर्जाची. मेल पाठवणाऱ्या अनेक सेवा ती प्रत सजवलेल्या प्रतीवरून आपोआप तयार करतात, आणि मग चित्रांच्या जागी लांबलचक पत्ते, बटणांच्या जागी दोन-दोन ओळींचे दुवे आणि मधे कुठेतरी तुटक वाक्ये, असा अवशेष उरतो. पोस्टरच्या मेलमधून तर साध्या प्रतीसाठी काढण्यासारखे काही नव्हतेच. तुमच्या सेवेतून आलेला एखादा जुना मेल जीमेलमध्ये उघडून तीन टिंबांच्या यादीतील ‘शो ओरिजिनल’ निवडले, की त्यात दोन प्रती आहेत की एकच, हे तुमच्या तरुण सदस्येला लगेच कळेल. मराठी मजकूर तेथे सांकेतिक रूपात दिसेल, त्याने गोंधळू नये. शिवाय, अनेक मेल सर्व्हरांवर स्पॅम गाळण्यासाठी वापरला जाणारा स्पॅमअसॅसिन हा प्रोग्राम केवळ एचटीएमएल असलेल्या मेलला संशयाचे गुण देतो, फक्त चित्र असलेल्या मेलला देतो, आणि दोन प्रतींमधील मजकूर परस्परांशी जुळत नसेल तरीही देतो. त्यामुळे साधी प्रत नीट लिहिणे हे केवळ कोषाध्यक्षांचे समाधान करण्याचे काम नाही, पत्र पोहोचण्याशीही त्याचा संबंध आहे.

यासाठी कामाचा क्रम बदलावा, असे मी सुचवतो. आधी संपूर्ण पत्र साध्या मजकुरात लिहा, कार्यकारिणीतील एकाने ते तपासावे, आणि त्यानंतरच ते सजावटीसाठी जावे. मराठीत साधा मजकूर लिहिणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. इंग्रजी लिहिणारे मथळा मोठ्या (कॅपिटल) लिपीत लिहून उठावदार करतात. देवनागरीत मोठी आणि छोटी लिपी नाही, त्यामुळे मथळ्याला स्वतंत्र ओळ, वर-खाली रिकामी ओळ आणि हवा असल्यास क्रमांक, एवढीच साधने आपल्या हाती राहतात, आणि ती पुरेशी आहेत. मोकळ्या जागा देऊन स्तंभ जुळवण्याच्या भानगडीत पडू नका. देवनागरी अक्षरांची रुंदी सारखी नसते, जोडाक्षरांनी आणि मात्रांनी ती आणखी बदलते, म्हणून तुमच्या पडद्यावर जुळलेले स्तंभ दुसऱ्याच्या पडद्यावर हमखास विस्कटतात. पुस्तकांची यादी एका ओळीत एक पुस्तक, आधी नाव, मग स्वल्पविराम आणि लेखक, अशी द्यावी. ताऱ्यांच्या आणि बरोबरच्या चिन्हांच्या लांब रांगा काढू नयेत. स्क्रीन रीडर त्या कधी कधी एकेक चिन्ह उच्चारत वाचतो आणि ऐकणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो.

साध्या मजकुराचा एक खरा दोषही कोषाध्यक्षांसमोर ठेवला पाहिजे. जुन्या संकेतानुसार मेलमधील ओळ ७८ चिन्हांच्या आत ठेवण्याची शिफारस आहे, आणि जीमेलचा साध्या मजकुराचा मोड त्या सुमारास ओळ स्वतःच तोडतो. फोनचा पडदा त्याहून अरुंद असल्याने तीच ओळ पुन्हा मध्येच मोडते, आणि एक लांब ओळ, एक दोन शब्दांची ओळ असा दातेरी परिच्छेद वाचकापुढे येतो. यावर १९९९ मध्ये ‘फॉरमॅट फ्लोड’ हा, तोडलेल्या ओळी पडद्याच्या रुंदीप्रमाणे पुन्हा जोडून दाखवण्याचा उपाय सुचवला गेला, पण सगळे प्रोग्राम तो पाळत नाहीत. बहुतेक सभासद फोनवर वाचत असतील, तर केवळ साध्या मजकुराचा आग्रह धरून तुम्ही त्यांचे वाचन सुलभ करत नाही.

आणि तुमच्या त्या दृष्टिहीन सभासदांसाठीसुद्धा साधा मजकूर हा सर्वोत्तम पर्याय आहे, असे मानू नका. नीट रचलेल्या एचटीएमएलमध्ये मथळा हा मथळा म्हणून आणि यादी ही यादी म्हणून नोंदलेली असते, त्यामुळे स्क्रीन रीडर वापरणारी व्यक्ती एका मथळ्यावरून दुसऱ्यावर थेट जाऊ शकते, यादीत किती पुस्तके आहेत हे आधीच ऐकू शकते आणि नको तो भाग ओलांडू शकते. मजकुराची भाषा मराठी आहे अशी खूण एचटीएमएलमध्ये घालता येते, तिचा आधार घेऊन योग्य आवाज निवडता येतो. साध्या मजकुरात अशी खूण मजकुराला जोडता येत नाही. म्हणजे दोष एचटीएमएलचा नव्हता. एचटीएमएल वापरून त्यात फक्त चित्र ठेवले, हा दोष होता. मुखपृष्ठांची चित्रे जरूर द्या, पण प्रत्येक चित्रासोबत त्याचे पर्यायी वर्णन लिहा आणि चित्र वगळले तरी वाक्याचा अर्थ राहील अशी रचना करा.

तुमच्या तरुण सदस्येला मी काही गोष्टी थेट सांगू इच्छितो, कारण तयार टेम्प्लेट बहुधा रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली असतात. मथळ्यांना दिलेले अक्षरांमधील वाढीव अंतर मराठीसाठी शून्य करावे. त्या अंतरामुळे शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. दोन ओळींमधील अंतर रोमनपेक्षा जास्त ठेवावे, अक्षराच्या उंचीच्या दीडपटीहून थोडे अधिक, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला आणि रफाराला भिडतो. मराठी शब्द तिरपे करू नयेत, कारण बहुतेक देवनागरी फॉन्टांना स्वतंत्र तिरपे रूप नसते आणि यंत्र सरळ अक्षरेच ढकलून तिरपी करते. अधोरेखनही टाळावे, ती रेघ उकारांना कापत जाते. ठळक अक्षर पुरेसे असते. एखाद्या खास फॉन्टवर सौंदर्य अवलंबून ठेवू नये, कारण अनेक मेल प्रोग्राम बाहेरचा फॉन्ट आणतच नाहीत. मजकुराचा रंग ठरवला तर पार्श्वभूमीचाही ठरवावा, अन्यथा काळी पार्श्वभूमी पसंत करणाऱ्यांच्या फोनवर काळ्यावर काळे उमटते. विंडोजवरील आउटलुक २००७ पासून एचटीएमएल दाखवण्यासाठी वर्डचे यंत्र वापरत आला आहे आणि कार्यालयांतील अनेक संगणकांवर तो अजून चालू आहे, म्हणून रचना एकाच स्तंभाची आणि साधी ठेवावी.

आकाराचाही विचार करावा. जीमेल साधारण १०२ किलोबाइटांपेक्षा मोठ्या मेलचा उरलेला भाग कापून दुव्यामागे ठेवतो. युनिकोड मजकूर साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, रोमन अक्षर १ घेते, त्यामुळे मराठी पत्र ती मर्यादा लवकर गाठते. तुमच्या पत्राचा मजकूर तेवढ्याने भरणार नाही. भरते ते टेम्प्लेटमधील अनावश्यक संकेतांनी. कापला जातो तो शेवट, आणि नोंदणी रद्द करण्याचा दुवा व संपर्काचा पत्ता बहुधा तेथेच असतात.

‘हे पत्र नीट दिसत नसल्यास येथे क्लिक करा’ ही पहिली ओळ तर काढूनच टाका. विषयाशेजारी मेलपेटीत तीच दिसते आणि त्या महिन्यात काय आहे हे सांगण्याची जागा व्यर्थ जाते.

कोषाध्यक्षांच्या धोक्याच्या इशाऱ्याला मात्र मी पूर्ण वजन देतो. साध्या मजकुरात दुवा जसा आहे तसा दिसतो. एचटीएमएलमध्ये वर एक लिहून आत भलताच पत्ता ठेवता येतो आणि फसवणुकीचे मेल याच सोयीवर चालतात. तुमचे बरेच सभासद वयस्कर असणार. दर महिन्याला त्यांना ‘वर्गणी भरा’ असे रंगीत बटण दाबायची सवय आपणच लावली, तर उद्या वाचनालयाच्या नावाने आलेल्या खोट्या पत्रातील तसलेच बटण ते निःशंकपणे दाबतील. म्हणून पैशांशी संबंधित कोणतेही बटण पत्रात ठेवू नका. वर्गणी कशी आणि कोठे भरायची हे शब्दांत लिहा, संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता उघड दिसेल असा द्या, आणि संक्षिप्त केलेले दुवे वापरू नका. कोषाध्यक्ष २०१८ मधील ईफेल नावाच्या त्रुटीचा दाखला देत असतील, तर ती त्रुटी खरी होती आणि तिचा एक मार्ग एचटीएमएलमधूनच जात होता, पण ती कूटबद्ध मेलपुरती होती; तुमच्या मासिक पत्राशी तिचा संबंध नाही.

सेवेच्या पडद्यावर ‘किती जणांनी पत्र उघडले’ हा आकडा दिसतो, त्याबद्दलही बोलले पाहिजे. तो मिळवण्यासाठी पत्रात एका ठिपक्याएवढे अदृश्य चित्र घातलेले असते आणि ते ज्याच्या यंत्रावर आणले जाते, त्याची नोंद होते. जीमेल डिसेंबर २०१३ पासून चित्रे स्वतःच्या सर्व्हरमार्फत दाखवते आणि अ‍ॅपलच्या मेलमध्ये २०२१ पासून ती वाचकाने पत्र उघडले नसले तरी आधीच आणून ठेवण्याची सोय आहे. त्यामुळे तो आकडा आता विश्वासाचाही राहिलेला नाही. तो अचूक असता, तरी मी तो बंद करायला सांगितला असता. कोण काय वाचतो ही वाचकाची खासगी बाब आहे, आणि तिची नकळत नोंद ठेवणे वाचनालयाला शोभत नाही. सेवेच्या सेटिंगमध्ये हा माग बंद करण्याची सोय असेल तर ती वापरा, नसेल तर सेवा बदलण्याचा विचार करा. किती जणांना पत्र उपयोगी पडते हे जाणून घ्यायचे असेल, तर पत्रातच उत्तर मागा.

हे सारे मासिक पत्रापुरते झाले. एका सभासदाला लिहायचे पत्र, पुस्तक परत करण्याची आठवण, तक्रारीचे उत्तर, देणगीदाराचे आभार, कार्यकारिणीच्या सदस्यांमधील चर्चा, हे सर्व निव्वळ साध्या मजकुरात असावे, अशा मताचा मी आहे आणि येथे कोषाध्यक्षांच्या बाजूने उभा आहे. अशा पत्राखाली बोधचिन्ह, रंगीत पट्टी आणि समाजमाध्यमांची चित्रे जोडली की दोन ओळींच्या उत्तरालाही जाहिरातीचे रूप येते, आणि उत्तरा-उत्तरांच्या साखळीत तीच चित्रे पुन्हा पुन्हा साचतात. खाली नाव, पद आणि दूरध्वनी क्रमांक अशा तीन ओळी पुरेशा आहेत. जीमेलमध्ये नवा मेल लिहिताना खालच्या तीन टिंबांत ‘प्लेन टेक्स्ट मोड’ आहे. तो एकदा निवडला की पुढेही कायम राहतो.

ठरावाचा मसुदा मात्र बदलून घ्या. ‘एचटीएमएल बंद’ असे लिहिण्याऐवजी, प्रत्येक मासिक पत्रासोबत हाताने लिहिलेली पूर्ण साधी प्रत जाईल, कोणतीही सूचना केवळ चित्रातून जाणार नाही, पैशांचे बटण आणि माग ठेवणारे चित्र पत्रात असणार नाही, असे त्यात लिहावे. पहिले नवे पत्र सर्वांना पाठवण्याआधी तुमच्या दृष्टिहीन सभासदांना, आउटलुक वापरणाऱ्या एखाद्याला आणि साध्या फोनवर वाचणाऱ्या एखाद्याला पाठवून त्यांचे म्हणणे घ्या. कोषाध्यक्षांना स्वतःला एचटीएमएल पाहायचेच नसेल, तर थंडरबर्डच्या ‘व्ह्यू’ यादीतील ‘मेसेज बॉडी अ‍ॅज’ या पर्यायात ‘प्लेन टेक्स्ट’ निवडावे. तुम्ही दोन्ही प्रती पाठवल्या की त्यांना दर महिन्याला साधीच प्रत दिसेल, आणि त्यासाठी इतर सभासदांच्या पत्रातील मुखपृष्ठे काढून टाकण्याची गरज उरणार नाही.